दुपारी दीड वाजता

आज इस्रायलमध्ये योम हाझिकारोन, लष्करात असताना मरण आलेल्यांच्या आठवणीचा दिवस. तिथं सकाळी ११ ला भोंगा वाजतो, हमरस्त्यावरच्या गाड्यासुद्धा २ मिनिटं थांबतात. आपल्याकडं तेव्हा दुपारचा दीड. मी गॅस बंद केला आणि ओट्यापाशीच उभी राहिले.

वसतिगृहातल्या माझ्या मैत्रिणीच्या थोरल्या मुलासाठी. ती अलिबागकडची, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू. शनिवार हा धर्मानं विसाव्याचा वार, त्या दिवशी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात ज्यांना 'शनवार तेली' म्हणत, त्यांच्यातली. पोरगं अश्दोदला वाढलं, पण आजीमुळं मराठी बोलायचं. लष्करात जायच्या आधी आठवडाभर आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी राहून गेलं. त्याच्यासाठी नवं पातेलं आणलं होतं. तांबडा-पांढरा राहू दे, आमच्या रोजच्या भांड्यातला चहासुद्धा त्यांच्या खाण्यापिण्याच्या नियमात बसत नव्हता. शुक्रवारी दिवेलागणीआधी म्हणाला, "मावशी, न्हाणीतला दिवा लागलेलाच राहू दे हं. उद्या अंधार पडेपर्यंत मी बटणाला हात लावणार नाही."

शनिवार सोडून रोज सकाळी प्रार्थना झाली की डाव्या हातावर तेफिलिनच्या, म्हणजे प्रार्थनेवेळी बांधायच्या डबीच्या, चामडी पट्ट्याचे वळ दिसायचे. सात, लालसर. मी खोबरेल घेऊन गेले, तर हसला नुसता.

वर्दीत असतानाच गेला. वीस वर्षांचा होता. कसा, ते मैत्रीण बोलत नाही, मी विचारत नाही. फार आठवतो मला.

त्यांच्यात कबरीवर खडा ठेवतात. पंचगंगेच्या घाटावरून एक काळा, गुळगुळीत खडा आणलाय. पुढच्या महिन्यात मैत्रिणीची बहीण तिकडं निघालीय, तिच्याकडं देणार आहे.