नाव घालून मिळेल : आमची वाटचाल

आमचं दुकान नेमकं कोणत्या साली सुरू झालं, यावर घरात अजून एकमत नाही. १९६९च्या महापुरात गंगा बाजारात शिरली आणि आजोबांच्या सगळ्या वह्या भिजून लगदा झाल्या. म्हणजे दुकान त्याआधीचं, एवढाच पुरावा. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, बाहेरगावच्यांनी गोंधळू नये.) म्हणून पाटीवर ‘स्थापना’ नाही. दुकानाचं नाव आहे, ‘तांबे, पितळ, स्टील’ आहे आणि खाली एक ओळ : भांड्यांवर नाव घालून मिळेल. आमची वाटचाल त्या ओळीच्या जोरावर झाली, आणि ती ओळ आक्काची.

आक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत यजमान गेले, ती माहेरी परत आली. घरात बसून पापड लाटण्यापेक्षा दुकानात बसते, असं तिनं आजोबांना सांगितलं. भांडी बाजारात तेव्हा गादीवर बाई म्हणजे गिऱ्हाईक उंबऱ्यावरच बिचकणार. आजोबांनी तिला मागे, वजनकाट्याच्या आड, नाव घालायला बसवलं. दोन-चार वर्षांनी असं झालं की गिऱ्हाईक आधी मागे जाऊन आक्काशी बोलायचं आणि मग पुढे येऊन भाव करायचं.

हातानं नाव घालणं हे हल्लीच्या पोरांना सांगूनही कळत नाही. जमिनीत रोवलेला लाकडी खुंटा, त्यावर कळशी पालथी घालायची, म्हणजे आतून आधार मिळतो आणि पत्रा बसत नाही. खडूची एक रेघ. मग टोकदार छिन्नी आणि छोटी हातोडी, एकेक ठिपका. ठिपका खोल गेला तर तांब्याला भोक, वरवर गेला तर पहिल्या चिंचेच्या घासणीत गायब. आक्का आधी सगळी अक्षरं काढायची, शिरोरेषा शेवटी. कळशीचा गळा गोल, तिचा हात डावीकडून उजवीकडे जाताना किंचित वर सरकायचा, त्यामुळे तिची शिरोरेषा कायम उजवीकडे चढलेली असे. पुढे विजेचं मशीन आलं, तरी रेघ चढतच राहिली. आजही एखादं जुनं भांडं समोर आलं की नाव वाचायच्या आधी मी रेघ बघतो.

स्टील आलं तेव्हा आजोबा म्हणाले होते, हा चकचकाट चार दिवसांचा. आक्का म्हणाली, ‘‘दादा, चिंच-मीठ चोळून हात कुणाचे फुटतात? कल्हईवाल्याची वाट कोण बघतं? आमटी कळकली तर बोलणी कुणाला?’’ आजोबा गप्प. पुढच्या लग्नसराईला दुकानात निम्मा माल स्टीलचा होता. मला विचाराल तर आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि तो ज्या माणसानं घेतला त्याचं नाव भागीदारीच्या कागदावर कधीच नव्हतं. आता जीएसटीच्या नोंदणीत माझं नाव आहे, मुलाचं आहे. असो.

तिचे नियम ठरलेले. ‘कै.’ घालायचं असेल तर पैसे घ्यायचे नाहीत. रामकुंडावर दहावा उरकून लोक तसेच ओल्या धोतरानं बाजारात यायचे, तेराव्याला वाटायला एकवीस किंवा एक्कावन्न तांबे घ्यायला. चिठ्ठीवर हमखास ‘स्मर्णार्थ’ लिहिलेलं असायचं. आक्का ते मुकाट्यानं ‘स्मरणार्थ’ करायची. गेलेल्या माणसाला शुद्ध लिहावं, एवढंच म्हणायची. सातवी झालेली बाई, पण वेलांटी चुकू द्यायची नाही.

एकदाच तिनं नाव घालायची घाई केली. एका लग्नाच्या १०१ वाट्या, वधू-वरांच्या नावांसकट, ॲडव्हान्स न घेता तयार करून ठेवल्या आणि साखरपुडा मोडला. नावं घातलेला माल कुणाला विकणार? त्या वाट्या दुकानातच राहिल्या. अजून आहेत, साठेक. मिसळ मागवली की रस्सा त्यातच वाढला जातो. नवीन कामगार पहिल्या आठवड्यात विचारतोच, हे दोघं कोण? आम्ही म्हणतो, दुकानाचे जुने स्नेही.

पुराचा हिशोबही तिचाच. गंगेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की खालच्या फळीचा माल माळ्यावर, वाद घालायचा नाही. २००८च्या पुरात गुडघे दुखत असतानाही तिनं आम्हाला दोन तास हमाली करायला लावली, वह्या स्वतः उराशी धरून जिन्यावर बसली. २ ऑगस्ट २०१६ला ती नव्हती. आम्ही मोबाईलवर गंगापूर धरणाचा विसर्ग किती क्युसेक ते बघत बसलो, मारुती बघायला कुणी गेलंच नाही. पाणी आत आलं तेव्हा कुकरचे खोके तरंगत होते.

ती गेली २०१४च्या पावसाळ्यात. पुढच्याच वर्षी सिंहस्थ. २००३ला आमचे छोटे तांब्याचे गडू पहिल्या पर्वणीलाच संपले होते. गंगेचं पाणी भरून, तोंडाला डाख देऊन बंद केलेले गडू यात्रेकरू नेतात ना, ते. तेव्हापासून ती घोकत होती, पुढल्या खेपेला दुप्पट भरा. भरले. खपले. आता पुन्हा सिंहस्थ तोंडावर आहे आणि मुलगा म्हणतो, यंदा ऑनलाइनही ठेवू. ठेव बाबा.

तिच्या तेराव्याचे तांबे मी स्वतः केले, चाळीस नग. दुकानात मशीन चालवणारा मुलगा होता, पण मनाला पटेना. रात्री शटर ओढून बसलो. सकाळी वडिलांनी एक तांब्या हातात घेतला, चष्मा पुसला, पुन्हा घेतला. चाळीसही तांब्यांवर ‘स्मर्णार्थ’. वडील काही बोलले नाहीत. दुसरा माल करायला वेळ नव्हता, तेच वाटले.

मोडीचा धंदा आमच्याकडे पहिल्यापासून आहे. जुनं पितळ-तांबं वजनावर घ्यायचं, डाख, माती, लोखंडी कडी यांची घट धरायची, उरेल त्याचे पैसे द्यायचे किंवा नव्या मालात वळते करायचे. हंडे-घंगाळी येतात, त्यावर आक्काची चढती रेघ असते. सुरुवातीला एक-दोन नग बाजूला काढून ठेवले, तर मुलगा म्हणाला, बाबा, यात भांडवल अडकतंय. खरंच आहे त्याचं. धंद्यात प्रत्येक भांडं ठेवायला लागलो तर गोदाम आक्कानंच भरेल. आता जातात ती आटणीला.

मागच्या दिवाळीआधी आमच्याच लांबच्या नात्यातली एक सून गोणी घेऊन आली. फ्लॅट लहान, माळा रिकामा करतेय म्हणाली. पितळी डबे, दोन पराती, खाली थोडं स्टील. पोरानं गोणी काट्याशेजारी ओतली आणि एक तांब्या घरंगळत माझ्या पायाशी आला. उचलला. ‘कै.’, आक्काचं नाव, आणि पुढे माझी चूक. शिरोरेषा बघितली, तर तीही उजवीकडे चढलेली. इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं.

सूनबाईंनी काही वाचलेलं नव्हतं, आणि मीही दाखवलं नाही. चहा मागवला. पोरगं पॅड घेऊन उभं राहिलं, ‘‘शेठ, घट किती धरू?’’

त्या गोणीची घट धरली नाही.