डीलिया नावाची नोंद नाही

मंगळवार आणि गुरुवार, दहा ते बारा. ते कार्यालय आठवड्यात एवढंच उघडं असतं, आणि त्या चार तासांपायी माझे अकरा महिने गेले. अजून आठवलं की डोकं तापतं.

माझ्या सासूबाईंची आजी, डीलिया वॉल्श, आयर्लंडहून पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यात आली. सासूबाई आता 82 वर्षांच्या आहेत. ‘आजी नक्की कुठली, ते एकदा कळू दे,’ एवढंच त्यांचं म्हणणं. नवऱ्याला यात काडीचा रस नाही, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. मला वाटलं, त्यात काय! माझ्या वडिलांनी नाशिकला तीर्थोपाध्यायांना आडनाव आणि मूळ गाव सांगितलं, तर पंधरा मिनिटांत नामावळीत पणजोबांची मोडीतली सही निघाली होती.

पण नाशिकचे गुरुजीसुद्धा आधी गाव विचारतात. आयर्लंडचंही तेच. तिकडचं टाउनलँड म्हणजे आपली वाडी म्हणा, आणि अशा वाड्या 60,000 हून जास्त. वॉल्श तर तिथे पैशाला पासरी, आपल्याकडच्या जाधवांसारखे. आणि डीलियाच्या कागदांवर गाव कुठेच नाही. 1888 च्या जहाजाच्या यादीत ‘आयर्लंड’. लग्नाच्या लायसन्सवर ‘आयर्लंड’. 1939 च्या मृत्यूच्या दाखल्यावरही ‘आयर्लंड’, आणि आईच्या माहेरच्या आडनावापुढे लेकाने सांगितलेलं ‘माहीत नाही’.

उरलं चर्च. कॅथलिक पाद्री लग्नाच्या रजिस्टरात कधीकधी वधूचं मूळ पॅरिशही, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, लिहीत. (कुठलं चर्च ते कळत नसेल तर लायसन्सच्या खालचा भाग बघा, लग्न लावणाऱ्या पाद्र्याचं नाव तिथे असतं.) मला चर्च सापडलं, पण ते केव्हाच बंद पडलेलं. तिथली रजिस्टरं दुसऱ्या पॅरिशच्या कार्यालयात गेली होती. तेच हे, दहा ते बारावालं.

फोनवर कायम मशीन. मग पत्र लिहिलं, सोबत वीस डॉलरचा चेक. चेक आठ दिवसांत वटला. उत्तर नाही. दोन महिन्यांनी दुसरं पत्र, या वेळी माझा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आत. उत्तर नाही. तिसऱ्या पत्राला चार महिन्यांनी त्याच पाकिटातून एक ओळ आली: ‘1896 मध्ये डीलिया वॉल्श नावाची नोंद नाही.’ खाली सहीसुद्धा नाही.

लायसन्सवर त्याच चर्चच्या पाद्र्याचं नाव, तारीख, सगळं आहे, मग नोंद कशी नाही? एका गुरुवारी न्यू जर्सीहून अडीच तास गाडी हाकत गेले. दारावर हाताने लिहिलेली चिठ्ठी: आज अंत्यविधीमुळे बंद. मी गाडीत बसून डब्यातला थेपला खाल्ला आणि परत आले. त्या दिवशी घरी माझ्याशी कुणी बोललं नाही, हे शहाणपणाचंच झालं.

दुसऱ्या खेपेला दार उघडं होतं. गळ्यात साखळीचा चष्मा घातलेल्या बाई म्हणाल्या, रजिस्टर बाहेरच्यांना हाताळू देत नाही, मी बघते. बोट पानावरून खाली सरकत गेलं. ‘डीलिया नाही.’ मी म्हटलं, नवरदेवाच्या नावाने बघा, जेम्स. बोट थांबलं. तपकिरी झालेली शाई, पाद्र्याचं तिरकं अक्षर, मजकूर लॅटिनमध्ये. जेम्सचा झाला होता जेकोबुस, आणि त्याच्या शेजारी वधू: ब्रिगिडा वॉल्श. पुढे आईवडिलांची नावं, आईच्या माहेरच्या आडनावासकट. आणि त्यापुढे, अकरा महिने जे हवं होतं ते: मेयो काउंटीतल्या एका पॅरिशचं नाव, किलाला डायोसिस (एका बिशपच्या हाताखालचा विभाग).

‘डीलिया म्हणजे ब्रिजेटच,’ बाई शांतपणे म्हणाल्या. ‘माझी मावशी पण डीलियाच होती.’

मग पत्रात तसं का नाही लिहिलंत?

‘पत्रात तुम्ही डीलिया विचारलं होतं.’

मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाच सुचायला हवं होतं. ब्रिजेटची लाडाने बेडीलिया, त्याची डीलिया. त्यात अमेरिकेत घरकामाच्या आयरिश पोरींना सरसकट ‘ब्रिजेट’, ‘बिडी’ म्हणून हिणवत, त्यामुळे कित्येकींनी ते नाव टाकूनच दिलं. माझी स्वतःची आजी माहेरची द्वारका आणि सासरची सुशीला. तिचा जन्मदाखला सुशीला नावाने शोधला असता तर काय सापडणार होतं?

पॅरिश कळल्यावर बाकीचं दोन रात्रींत झालं, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने कॅथलिक पॅरिशची रजिस्टरं, बहुतेक 1880 पर्यंतची, ऑनलाइन फुकट ठेवली आहेत. सरकारी जन्मनोंदी 1864 पासूनच्या, त्याही फुकट दिसतात. म्हणून पैसे घेणाऱ्या साइटवर आधी कार्ड काढू नका. ‘1922 मध्ये डब्लिनला सगळं जळलं’ असं जो तो सांगतो. सरकारी दफ्तरखाना जळला ते खरं, त्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली बरीचशी जनगणनाही गेली, पण कॅथलिक रजिस्टरं आपापल्या पॅरिशमध्ये होती, ती वाचली. आणि तारखांवर भांडू नका. डीलियाचा बाप्तिस्मा सरकारी जन्मतारखेच्या चार आठवडे आधीचा आहे! मुदत उलटली की दंड असे, म्हणून आईबाप तारीख पुढे ढकलून सांगत. तिचे वडील 1901 च्या जनगणनेत 60 वर्षांचे आणि 1911 च्या जनगणनेत 74 वर्षांचे. मध्ये 1909 पासून सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झालं होतं.

हो, ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन राहिलंच. 1847 ते 1864 मधला, आपल्या सातबाऱ्यासारखा प्रकार: जमीन कोण कसतो, मालक कोण, क्षेत्र किती. पुढचे फेरफार वेगळ्या वह्यांत, रंगीत शायांनी केलेले. सातबारा वाचता येणाऱ्याला ते परकं वाटत नाही.

1911 चा जनगणनेचा फॉर्म मी छापून सासूबाईंना दिला. त्यात लग्न झालेल्या बाईला विचारलंय, मुलं किती झाली, हयात किती. डीलियाच्या आईपुढे लिहिलंय: दहा, आठ. सासूबाईंनी बोटांवर मोजलं. मेयोत राहिलेले तिघे, डीलियाच्या मागोमाग अमेरिकेत आलेले चौघे, सात झाले. मग त्यांनी आठवं बोट दुमडलं आणि फॉर्म बराच वेळ हातात धरून ठेवला.