‘आयसेंड’ परत आले, म्हणजे नक्की काय झाले?

एमपीआय, म्हणजे मेसेज पासिंग इंटरफेस, हे अनेक प्रोसेसनी (एकाच वेळी स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रोग्रॅमनी) एकमेकींना निरोप पाठवत एकच मोठे गणित सोडवावे यासाठीचे मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९४ साली आली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या ‘अर्क’सारख्या महासंगणकांवर चालणारी हवामानाची मोठी प्रारूपे याच पद्धतीने काम वाटून घेतात. या मानकातला ‘नॉन-ब्लॉकिंग’ (ढोबळपणे, बोलावणाऱ्याला न खोळंबवणारे फंक्शन) हा शब्द आपण बोलताना फार सैल वापरतो, आणि खरे सांगायचे तर मानकही बरीच वर्षे तो काहीसा सैलच वापरत होते. २०२१ सालच्या ४.० आवृत्तीने त्याची व्याख्या नव्याने लिहिली. मला तो बदल त्या आवृत्तीतल्या पुष्कळशा नव्या सोयींपेक्षा मोलाचा वाटतो.

आधी नेहमीचे उदाहरण घेऊ. हवामानाच्या प्रारूपात नकाशाचे तुकडे पाडून प्रत्येक प्रोसेसकडे एक तुकडा दिलेला असतो, आणि दर पायरीला तुकड्याच्या कडेवरच्या ओळी शेजारच्या प्रोसेसला द्याव्या लागतात. त्यासाठी ‘आयसेंड’ हे निरोप पाठवण्याचे नॉन-ब्लॉकिंग फंक्शन बोलावले की ते लगेच परत येते आणि आपल्या हाती एक रिक्वेस्ट, म्हणजे त्या कामाची जणू पावती, ठेवते. पण गिरणीत डबा ठेवून घरी आलो म्हणजे दळण झाले असे होत नाही, आणि ती पावती देऊन काम संपण्याची वाट पाहणारे ‘वेट’ हे फंक्शन पुरे होईपर्यंत त्या बफरमध्ये, म्हणजे निरोपाचे आकडे ठेवलेल्या मेमरीच्या जागेत, काहीही लिहिण्याची मुभा नसते. हा नियम मोडणारा प्रोग्रॅम चाचणीत बहुधा बिनबोभाट चालतो, कारण निरोप लहान असला की लायब्ररी, म्हणजे या मानकाप्रमाणे निरोपांची ने-आण करणारे सॉफ्टवेअर, त्याची प्रत स्वतःकडे काढून घेते. ग्रिड, म्हणजे नकाशावरची आकड्यांची जाळी, मोठे केले, निरोप ठरावीक आकारापलीकडे गेला, की बहुतेक लायब्रऱ्या प्रत न काढता समोरची प्रोसेस घ्यायला तयार होण्याची वाट पाहतात, आणि तोवर आपण त्याच जागी पुढच्या पायरीचे आकडे लिहून मोकळे झालेले असतो. शेजाऱ्याला अर्ध्या ओळीत या पायरीचे तापमान मिळते, अर्ध्या ओळीत पुढच्या पायरीचे, आणि एरर कुठेही दिसत नाही. (निरोप वाटेत असताना तो बफर नुसता वाचायलाही पूर्वी मनाई होती, ती २००९ च्या २.२ आवृत्तीने उठवली.)

आता व्याख्येकडे येऊ. २०१५ च्या ३.१ आवृत्तीनुसार, संबंधित काम पुरे होण्याआधी आणि बफर पुन्हा वापरण्याची परवानगी मिळण्याआधी जे फंक्शन परत येऊ शकते, ते नॉन-ब्लॉकिंग. यात बफरचा प्रश्न सुटतो, पण परत येण्यापूर्वी ते फंक्शन दुसऱ्या प्रोसेससाठी खोळंबू शकते की नाही, याविषयी हे वाक्य चकार शब्द काढत नाही. आणि वापरणाऱ्याला तर नेमकी तीच खात्री हवी असते. ४.० ने हे दोन प्रश्न वेगळे केले. फंक्शन परत आले तेव्हा काम पुरे होऊन बफर मोकळा झालेला असतो का, हा पहिला प्रश्न. आणि त्याचे परत येणे फक्त आपल्याच प्रोसेसच्या स्थितीवर ठरते की दुसऱ्या कोणी काही करण्यावर अवलंबून राहू शकते, हा दुसरा. काम अपुरे ठेवून परत येणारे आणि दुसऱ्या कोणावर अवलंबून नसलेले, असे दोन्ही असेल तरच ते नॉन-ब्लॉकिंग. बाकी सारे ब्लॉकिंग.

या मांडणीमुळे काही फंक्शने अनपेक्षित रकान्यात जातात. निरोपाची प्रत आधी राखून ठेवलेल्या जागेत काढून घेणारे ‘बीसेंड’ समोरच्याची वाट पाहत नाही, तरी ते ब्लॉकिंग ठरते, कारण परत येताना बफर मोकळा करूनच येते. कोणता निरोप आला आहे हे पाहणारे ‘एमप्रोब’ निरोप अजून घ्यायचाच असताना परत येते, पण निरोप येईपर्यंत अडून राहते, म्हणून तेही ब्लॉकिंगच. ‘बीसेंड’ला हे नाव देणे नवख्याला पटणार नाही, मलाही ते फारसे आवडत नाही, पण नियम एकच आहे आणि तो सर्वांना सारखा लागू होतो. शिवाय परिशिष्टात फंक्शनवार तक्ता दिलेला आहे, त्यामुळे नॉन-ब्लॉकिंगची खूण म्हणून नावाच्या सुरुवातीच्या ‘आय’वर विसंबून राहण्याची गरज उरत नाही.

सामूहिक फंक्शनांचा, म्हणजे गटातल्या सर्व प्रोसेसनी मिळून बोलवायच्या फंक्शनांचा, नियम आणखी कडक आहे. एका बाजूने ‘आयसेंड’ आणि दुसऱ्या बाजूने साधे ‘रिसीव्ह’ चालते, पण एकीचा निरोप सर्वांना देण्यासाठी काही प्रोसेसनी नॉन-ब्लॉकिंग ‘आयबीकास्ट’ आणि बाकीच्यांनी ब्लॉकिंग ‘बीकास्ट’ बोलावले तर तो प्रोग्रॅम चुकीचाच ठरतो.

फोरट्रान या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. ॲरेतली (आकड्यांच्या रांगेतली) एकाआड एक मूल्ये जुन्या पद्धतीने ‘आयसेंड’ला दिली, तर कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर, त्यांची तात्पुरती सलग प्रत करून ती पाठवू शकते आणि फंक्शन परत येताच ती जागा सोडून देऊ शकते. आपण मूळ ॲरेला हातही लावलेला नसतो, तरी पाठवायची जागाच नाहीशी होते. नवे फोरट्रान मॉड्यूल आणि ‘असिंक्रोनस’ (या जागेवर मागे काम चालू असू शकते असे कंपायलरला सांगणाऱ्या) गुणधर्माचा आधार २०१२ च्या ३.० आवृत्तीने यासाठीच दिला.

एवढे होऊनही एक प्रश्न बराच काळ मोघम राहिला होता: ‘आयसेंड’ परत आल्यावर, आपण गणितात गुंतलेले असताना, निरोप खरोखर पुढे सरकतो का? नव्या व्याख्येत तशी कोणतीही हमी नाही. कित्येक लायब्रऱ्या पुढचे काम तेव्हाच करतात, जेव्हा आपण ‘टेस्ट’ (काम संपले का, एवढेच विचारणारे), ‘वेट’ किंवा एमपीआयचे दुसरे एखादे फंक्शन बोलावतो. २०२३ च्या ४.१ आवृत्तीत या प्रगतीसाठी स्वतंत्र विभाग आला, तो मुळातून वाचावा. तोवर लांबलचक लूपच्या मधे एखादे ‘टेस्ट’ घालून वेळ मोजून पाहणे, हा साधा उपाय हाताशी आहेच.