मऊ ब्रश मागायला आलेल्या काकू

"भाऊ, हिरड्यांतून रक्त येतंय, मऊ ब्रश द्या," काकू म्हणाल्या. आमच्या मेडिकलचं जुनं गिऱ्हाईक. हृदयाची झडप काढून धातूची बसवलेली, म्हणून रक्त पातळ ठेवणारी असिनोकुमरॉल जन्मभरासाठी. पैसे देताना पदर सरकला आणि दंडावर पंजाएवढा काळानिळा डाग दिसला. कुठे आपटल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"नवीन औषध काही?"

"नाही. दाढेच्या गोळ्या तेवढ्या."

पर्समधून गोळ्यांचा तुकडा निघाला. दुसऱ्या दुकानात पाकीट असं कापलं होतं की नाव, बॅच, एक्स्पायरी सगळं तिकडेच राहिलं. फॉइलवर नावाचं शेपूट उरलेलं, ‘झोल’. पित्ताची पँटोप्राझोल तशीच संपते, जंतांची अल्बेंडाझोल आणि बुरशीची फ्लुकोनाझोलही. फ्लुकोनाझोल असती तरी धोकाच होता. मी विचारलं, "तोंडाची चव कशी आहे?"

"लोखंड चाटल्यासारखी. जेवण जात नाही."

मेट्रोनिडाझोल! दाढेच्या जंतुसंसर्गावर देतात ती; तोंडाला अशी धातूसारखी चव हीच आणते. ही गोळी असिनोकुमरॉलला शरीरातून वेळेवर बाहेर पडू देत नाही. डोस तोच, पण रक्त भलतंच पातळ होत जातं. त्यात जेवण तुटलेलं, म्हणजे आणखी भर. मी लगेच मुलाला फोन लावला आणि त्यांना थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, त्यांचा 2.5 ते 3.5 मध्ये हवा, तो 7.8 निघाला. डॉक्टरांनी भरती करून घेतलं, असिनोकुमरॉल थांबवली आणि रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन के अगदी बेताने दिलं. ते जास्त झालं तर झडपेवर गुठळी धरण्याची भीती. काकू सुखरूप घरी आल्या.

दातांच्या डॉक्टरांना त्यांनी "हृदयाची गोळी चालू आहे" असं सांगितलं होतं म्हणे. कोणती, हे पुढे कुणी विचारलंच नाही. गोळ्या कापून देणाऱ्यानेही नाही, आणि त्या काउंटरवर फार्मासिस्ट क्वचितच असतो. याचा मला संताप येतो.

ऑपरेशन झाल्यापासून या बाईंनी मेथी-पालक तोंडात घातलेला नाही. पालेभाजीतल्या व्हिटॅमिन केची भीती त्यांना पक्की घातली गेलीय. खरं तर भाजी बंद करायची गरज नसते, दर आठवड्याला साधारण सारखी खाल्ली की डोस तिच्याशी जुळवून घेता येतो. पण नवी गोळी सुरू करण्याआधी विचारा, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता त्यांच्या फाइलवर मी लाल पेनने औषधाचं नाव मोठं लिहून दिलंय आणि फाइल सोबत ठेवायला सांगितलंय. ती त्या ठेवतात. मेथीचं मात्र अजून पटत नाही. "डॉक्टर नको म्हणाले होते ना," एवढंच म्हणतात.