मागच्या वर्षीची फाईल

आमच्या धंद्यात नवीन काम असं फार कमी असतं. लोकांना वाटतं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, करते म्हणजे ही बाई दिवसभर रंग निवडत बसत असेल, डोक्यात काय काय आयडिया येत असतील, तसं कधीतरी होतं, नाही असं नाही, पण बाकीचा सगळा वेळ जातो तो जुनी फाईल शोधण्यात आणि तिच्यात बदल करण्यात. गणपती मंडळाचा अहवाल, पतसंस्थेची वार्षिक सभेची नोटीस, सप्त्याची पत्रिका, क्लासचं पॅम्प्लेट, सगळ्यांचा फोन एकाच सुरात येतो, "ताई, फाईल आहेच की तुमच्याकडं, फक्त तारीख बदलायचीय." मग तारीख बदलायला माणूस येतो, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसतो आणि तारीख सोडून सगळं बदलून जातो.

मी बार्शीत घरूनच काम करते. आधी एका प्रेसमध्ये ऑपरेटर होते, तिथंच सगळं शिकले, नंतर पुढच्या खोलीत स्वतःचं सुरू केलं. छपाईचं मशीन माझ्याकडं नाही. फ्लेक्स गावातच निघतो, ऑफसेटचं काम सोलापूरला जातं, पुस्तकं लावायची कामं पुण्याहून मेलवर येतात. म्हणजे कागद दुसऱ्याचा, शाई दुसऱ्याची, मजकूर गिऱ्हाइकाचा, माझं म्हणाल तर मधली ती फाईल तेवढी. पण तीच सांभाळून सांभाळून झालंय असं की आमच्या गावात कुणाचं काय झालं हे त्या हार्ड डिस्कमधून बघितलं की कळतं.

लग्नपत्रिकाच घ्या ना. थोरल्या मुलाची पत्रिका मी केलेली असते, काही वर्षांनी धाकट्याचं ठरतं आणि तेच घर परत येतं. जुनी फाईल उघडायची, 'ज्येष्ठ चिरंजीव'चं 'कनिष्ठ चिरंजीव' करायचं, वधूपक्ष सगळा नवीन टाकायचा, आणि मग यायचं निमंत्रकांच्या यादीवर. ही यादी वाचायला घरातलं सगळ्यात मोठं माणूस बसतं, चष्मा पुसून, स्क्रीनच्या अगदी जवळ तोंड नेऊन, आणि वाचता वाचता मध्येच थांबतं. "यांना कै. लावा." आता नुसतं कै. लावून भागत नाही, कारण कैलासवासी माणूस निमंत्रक कसा होणार, ते नाव तिथून उचलून वर 'यांचे नातू' किंवा 'यांचे पुतणे' च्या ओळीत न्यायचं. आणि त्यांच्या मिसेसच्या नावामागचं सौ. काढून श्रीमती करायचं, हे घरच्यांच्या बऱ्याचदा लक्षात राहत नाही, मग प्रूफ दाखवताना मीच आवाज जरा खाली घेऊन विचारते. खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' मध्ये मात्र गर्दी वाढलेली असते, मागच्या वेळी किलबिल मध्ये असलेली दोन नावं आता ताडमाड झाल्यामुळं लाजून नको म्हणतात आणि त्यांच्या जागी शौर्य, स्वरा, राजवीर अशी पलटण येते.

शिवाय गाळायची नावं असतात ती वेगळीच. "ते राहू द्या. नको, काढा. नाही, असू द्या. बरं आता काढा, रात्री फोन करतो." रात्री फोन येतो तो त्यांच्या आईचा, की नाव टाका म्हणून, आणि टाका ते वर टाका. भावकीत काय शिजतंय हे तलाठ्याच्या आधी मला कळलेलं असतं. मी कुठं बोलत नाही.

२०२० च्या फोल्डरमध्ये तर अशा पत्रिका आहेत की ज्यात 'सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे' काढून 'आपण घरूनच आशीर्वाद द्यावेत' असं मी स्वतः टाईप केलंय, पन्नास माणसांचीच परवानगी होती तेव्हा. त्या वर्षी पत्रिका छापायची बंद झाली आणि जेपीजी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागला, आणि एकदा फुकट जातंय म्हणल्यावर काही घरं परत छपाईकडं आलीच नाहीत. आता बरेच जण देवापुढं ठेवायला आणि मामाला द्यायला म्हणून थोड्या छापतात, बाकी मोबाईलवर.

सरकारच्या मनात काही आलं की माझ्याकडं करेक्शन येतात. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागला, त्याच्या आगेमागे मार्केट यार्डातल्या आडत दुकानांपासून टायरवाल्यापर्यंत सगळ्यांची बिलबुकं एकदम बाद झाली, व्हॅटचा टिन नंबर काढा, पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी नंबर टाका, सीजीएसटी-एसजीएसटीचे दोन वेगळे कॉलम पाडा, मालाच्या एचएसएन कोडला जागा करा, आणि बिल तर तेवढ्याच साईजचं राहिलं पाहिजे. मालाच्या नावाचा कॉलम बारीक होत होत असा झाला की 'तूरडाळ' सुद्धा दोन ओळीत. मग २०२३ ला उस्मानाबादचं धाराशिव झालं, आमच्या शेजारचाच जिल्हा, निम्म्या गिऱ्हाइकांच्या शाखा तिकडं, पाठोपाठ २०२४ ला अहमदनगरचं अहिल्यानगर. फाइंड-रिप्लेस मारलं की झालं असं कुणालाही वाटेल, पण एखाद्या संस्थेच्या रजिस्टर नावातच जुनं नाव असतं, तिथं हात लावायचा नाही, पत्त्यात मात्र लावायचा, म्हणजे एकेक डोळ्यानं बघणं आलं.

पण सगळ्यात जास्त काम कशानं दिलं असेल तर पक्ष फुटण्यानं. माझ्याकडं 'नेते' नावाचं एक फोल्डर आहे, त्यात सगळ्यांचे फोटो फोटोशॉपमध्ये पेन टूलनं कडा धरून कापून, बॅकग्राउंड उडवून पीएनजी करून ठेवलेत, हात जोडलेले, हात वर केलेले, नुसतं हसणारे, त्यातही डावीकडं बघणारे वेगळे आणि उजवीकडं बघणारे वेगळे. बॅनरवर कोण कुणाच्या शेजारी, कुणाचं डोकं कुणापेक्षा इंचभर मोठं, याचे नियम कुठं लिहिलेले नाहीत पण एखादं डोकं मागं-पुढं झालं तर अर्ध्या तासात फोन येतो. २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी, आणि जे दोन फोटो इतकी वर्षं शेजारी शेजारी लावत होते ते दोन वेगवेगळ्या फोल्डरमध्ये हलवावे लागले. धनुष्यबाण कुणाचा, मशाल कुणाची, घड्याळ कुणाकडं गेलं, तुतारी कुणाला मिळाली हे लोक चहाच्या टपरीवर चवीनं बोलत होते, मी ती चिन्हं व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठी केली तरी फाटणार नाहीत अशी, ट्रेस करत होते. इलेक्शनच्या पत्रकावर तर खाली मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि पत्ता लागतोच, लोकप्रतिनिधी कायद्याचं कलम १२७-अ, ती ओळ एवढ्या बारीक टायपात बसवा म्हणून उमेदवाराची पोरं मागं लागतात की वाचणाऱ्याला भिंग लागावं. मी नाही बसवत.

नेत्यांचे फोटो एका अर्थी सोपे, कारण चांगल्या कॅमेऱ्यानं काढलेले असतात. अवघड असतात ते श्रद्धांजलीचे. काम अर्जंट, दहाव्याला किंवा तेराव्याला फ्लेक्स लागायचा असतो, आणि फोटो म्हणून मिळतो तो कुणाच्या तरी हळदीतला ग्रुप फोटो, त्यात ते गृहस्थ मागच्या रांगेत, खांद्यावर मेव्हण्याचा हात, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर चार ठिकाणी फिरून आलेला, म्हणजे मुळातला दाणा सगळा उडालेला. डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं कितीही सांगा, येतो तो फोटो म्हणूनच येतो. नाहीतर मग आधार कार्डावरचा. पेन टूलनं कडा धरायच्या, मेव्हण्याचा हात क्लोन स्टॅम्पनं पुसायचा, हात जिथं होता तिथं सदरा नव्यानं तयार करायचा, टोपी अर्धी कापली गेली असेल तर दुसऱ्या अर्ध्याची उलटी कॉपी मारायची. फ्लेक्सचं एक बरं असतं, रस्त्याच्या पलीकडून बघायचा असल्यामुळं ७२ डीपीआय, म्हणजे इंचाला ७२ ठिपके, सुद्धा चालून जातं, तोच फोटो पुण्यस्मरणाच्या पत्रिकेत छापायचा म्हणला तर ३०० लागतो आणि तिथं सगळं उघडं पडतं.

आता ते एआयवालं निघालंय ना, फोटो टाकला की सेकंदात चेहरा कसा लख्ख करून देतं, फोटोशॉपमध्ये पण २०२३ पासून जनरेटिव्ह फिल आलंय, कपडे-बॅकग्राउंडला मी ते वापरते, सदऱ्याची बटणं मला घासत बसायला नको. पण चेहऱ्याला नाही. कारण जिथं माहितीच नाही तिथं ते स्वतःच्या मनानं डोळे काढतं, भुवया काढतं, सगळं सुबक असतं आणि माणूस दुसराच असतो. मुलांना पटकन लक्षात येत नाही, ती म्हणतात एकदम भारी झालं, बायको मात्र लांबूनच बघून म्हणते, "हे ते न्हाईत." तिला पिक्सेल बिक्सेल काही माहीत नसतं. त्यामुळं मी आपली थोडी आउटलाईन शार्प करते, अंधार जरा उचलते आणि बाकी धूसर आहे तर धूसर ठेवते. कुणी फारच मागं लागलं तर फेटा बांधून देते, फेट्याला माझी हरकत नसते.

आता सॉफ्टवेअरचं. पुस्तकाची पानं लावायचं इनडिझाईन आणि फोटोशॉप, दोन्हींचा हप्ता मी भरते, कारण पुण्याचे प्रकाशक इनडिझाईनच मागतात आणि क्रॅकच्या, म्हणजे फुकटच्या चोरीच्या कॉपीच्या, नादात एकदा व्हायरस शिरला तर सगळ्या गावाचं दप्तर जायचं. २०१३ पासून अ‍ॅडोबीनं नवीन व्हर्जन विकत द्यायचं बंद करून फक्त भाड्यानं द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून हे महिन्याचं लोढणं. पौषात लग्नं नसतात पण हप्ता असतो, चातुर्मासात पण असतो, त्यांना कुणी पंचांग पाठवलं पाहिजे. गावातलं सगळं काम कोरलड्रॉ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कारण फ्लेक्सवाला दुसरं काही घेतच नाही, "ताई, जुन्या व्हर्जनला सेव्ह करा आणि कर्व्ह करून पाठवा." कर्व्ह केलं, म्हणजे कंट्रोल क्यू मारलं, की अक्षराचं चित्र होतं, फॉन्ट असो नसो ते बिघडत नाही, पण वेलांटी चुकली असेल तर ती पण तशीच कायमची राहते.

आणि कोपऱ्यातला दुसरा कॉम्प्युटर आहे तो जुन्या विंडोज एक्सपीवाला, त्याला नेट नाही, त्यात पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर आहे. घरचे दर दिवाळीला तो भंगारात काढायला बघतात. पेजमेकर १९८५ ला निघालं, ऑल्डस नावाच्या अमेरिकन कंपनीचं, डेस्कटॉप पब्लिशिंग हे नाव पण त्याच कंपनीच्या पॉल ब्रेनर्डनं रूढ केलं, तर माझ्या दारावर बोर्ड आहे त्यात त्याचा वाटा आहे म्हणायचं. १९९४ ला अ‍ॅडोबीनं ती कंपनी घेतली, २००१ ला सात नंबरचं व्हर्जन काढलं आणि मग सगळं लक्ष इनडिझाईनकडं. इनडिझाईनमध्ये पेजमेकरच्या फायली उघडायची सोय होती ती सीएस-सिक्स व्हर्जनपर्यंत, पुढं तीही काढून टाकली. आणि फाईल उघडली तरी आत मजकूर असतो श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये, सगळीकडं सारखं चालणाऱ्या युनिकोडच्या आधीचा, म्हणजे मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहिलेली, फॉन्ट काढला की घरमालक बाहेर येतो, डॉलर, टक्के, डोक्यावर टोप्या घातलेले ए. कन्व्हर्टर मिळतात पण जोडाक्षरं आणि रफार कुठंतरी हमखास सांडतात, परत सगळं प्रूफ वाचायला लागतं, त्याचे पैसे कोण देणार? त्यापेक्षा जुन्याची दुरुस्ती जुन्यातच करून पीडीएफ काढलेली परवडते. नव्यातही काही फार सुख आहे असं नाही, फोटोशॉपमध्ये टाईपच्या सेटिंगमध्ये जाऊन मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन निवडल्याशिवाय 'शिवाजी' लिहिलं की वेलांटी भलत्याच बाजूला जाऊन बसायची, आणि अशी वेलांटी घेऊन उभे असलेले बॅनर मी स्वतः हायवेवर बघितलेत.

या सगळ्यात आता एक नवीन मागणी निघालीय, "ताई, ओपन फाईल द्या." म्हणजे नुसती पीडीएफ नको, ज्यात बदल करता येतो ती द्या. माझा नियम सरळ आहे, ओपन फाईलचे पैसे वेगळे, जो देतो त्याला कोरलची फाईल फॉन्टसकट मिळते, जो घासाघीस करतो त्याला कर्व्ह केलेली. परवा मंडळाचं एक पोरगं आलं, अहवालाची ओपन फाईल पाहिजे म्हणलं, आमच्याकडं एकजण आहे, तो कॅनव्हा नावाच्या ऑनलाईन डिझाईनच्या साईटवर सगळं करतो, दरवर्षी तुम्हाला कशाला त्रास. म्हणलं घेऊन जा की, पैसे पण नको. एक्सपीवाल्यातनं पेनड्राईव्हवर टाकून दिली, पेजमेकरची पीएमडी फाईल, सोबत बिस्किट पण खाऊन गेलं.

संध्याकाळी फोन.

"ताई, हे उघडंना. कशात उघडायचं?"

"पेजमेकरमध्ये."

"ते कुठनं डाउनलोड करायचं?"

"ते बंद झालं, बाळा, तू शाळेत जायच्या आधीच."

मग जरा तिकडं आपापसात बोलणं झालं, मागून ढोलाचा आवाज येत होता, प्रॅक्टिस चालू असेल. "बरं मग बुधवारी येऊ का आम्ही?"

"या. येताना खजिनदाराला पण घेऊन या, मागचं बिल राहिलंय."