सहा, सर, सहा

मे महिना, पहाटे साडेपाच, सुपर कॉरिडॉर. इंदुरात सायकल जोरात हाणायची तर हा रस्ता बरा, रुंद आणि सरळ. उलट्या बाजूने येणारे दूधवाले तेवढे सांभाळायचे.

त्या दिवशी आठ-आठ मिनिटांच्या चार फेऱ्या होत्या, मध्ये दोन मिनिटं हलकं पेडल. माझा लाडका वर्कआउट. २०१३ साली नॉर्वेतल्या स्टीफन साइलर यांनी हौशी सायकलपटूंवर चार, आठ आणि सोळा मिनिटांच्या चार-चार फेऱ्या ताडून पाहिल्या, त्यात आठवाले पुढे निघाले. सगळी गोम मात्रेत आहे. पहिली फेरी संपताना ‘अजून दोन मिनिटं गेलो असतो’ असं वाटलं पाहिजे. दुसरीत बोलणं तुटायला लागतं. तिसरीत मध्येच शंका येते, चौथी होईल का? चौथी होते, पण मग पाचवीचं कुणी नाव काढलं तर राग यावा. पहिलीतच जीभ बाहेर आली तर गणित चुकलं. आमच्यातले काही कोच पोरांना ओकारी येईपर्यंत पिदवतात आणि त्याला मेहनत म्हणतात. चौथ्या फेरीत त्यांच्या पोरांचे वॉट, म्हणजे पेडलवरचा जोर, कुठे गेले, ते मात्र बघत नाहीत.

म्हणून प्रत्येक फेरीनंतर मी विचारायचो, “किती जड गेलं, दहापैकी किती?”

त्या दिवशी माझ्याकडे शिकणारे एक काका होते, बावन्न वर्षांचे, बँकेतले. वीस मिनिटांच्या टेस्टला सरासरी २१० वॉट, त्यातून पाच टक्के वजा केले की साधारण २००, म्हणजे अंदाजे तासभर टिकेल एवढा जोर. म्हणून फेरीला २०५ ते २१० दिले होते. वॉट मोजणारा पॉवर मीटर नवाकोरा, आणि काका त्या आकड्याला चिकटून. पहिल्या फेरीनंतर म्हणाले, “सहा, सर.” दुसरीनंतर, “सहा.” तिसरीनंतर ओठ पांढरे, मान हँडलवर, आणि तरी, “सहा, सर, सहा.” मी घड्याळ बघत होतो. चौथी सुरू केली.

तिसऱ्या मिनिटाला ते उतरले आणि डिव्हायडरवर बसले. चक्कर. आडवं झोपवलं, पाय सायकलच्या चाकावर टेकवले, मीठ-साखरेचं पाणी दिलं, मग दवाखाना. ईसीजी नीट आला. आदल्या दिवशी जुलाब झाले होते, हे डॉक्टरांसमोर कळलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

रात्री त्यांची फाइल उघडली. वॉट तिन्ही फेऱ्यांत जवळपास सारखे, पण हार्ट रेट १६६, १७३, १७८. एरवी हेच वॉट मारताना तिसऱ्या फेरीअखेर १६५ च्या आसपास असतो. शरीर ओरडून सांगत होतं, आणि मी तोंडी उत्तरावर विसंबून!

चार दिवसांनी पोह्यांवर शेव टाकत ते म्हणाले, “नऊ म्हटलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं. शिवाय ती पोरं ऐकत होती.” म्हणजे माझा प्रश्न त्यांना मार्कांचा वाटला, फक्त उलटा, कमी सांगितले की हुशार. एक पोरगा तर मला खूश करायला नेहमी नऊ सांगायचा, आणि सांगता सांगता मोबाइल काढायचा. किती जड गेलं हे आकड्यात सांगायची स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची जुनी पट्टी सहा ते वीस होती. ती उगाच किचकट म्हणून मी सोडली होती. आता वाटतं, तीच बरी. सहापासून वीसपर्यंतची परीक्षा आपल्याकडे कुणी दिलेली नाही.

सध्या मी आकडा विचारत नाही. शेजारून सायकल चालवत सतराचा पाढा म्हणायला लावतो. एका दमात कुठवर जातो ते मोजायचं. पहिल्या फेरीत तीन-चार ओळी निघाल्या पाहिजेत, तिसरीत एक ओळ निघाली तरी पुष्कळ.

काका परवा तिसऱ्या फेरीत ‘सतरा पंचे पंच्याऐंशी’पर्यंत गेले. खरंच सोपं गेलं, की बँकेत हयात गेल्याने पाढा आपोआप बाहेर पडतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चौथी फेरी मी त्यांना करू दिली नाही. ते रुसले आहेत.