सोड, सोड!

जूनमधला पहिला दणका पडून गेल्यावर दुपारी पार्किंगशेजारच्या डबक्यात एका भेकाच्या (खरबरीत कातडीचा बेडूक, इंग्रजीतला 'टोड') पाठीवर दुसरा चढून बसलेला दिसला. वॉचमनकाका म्हणाले, "आईच्या पाठीवर पिल्लू बसलंय बघा, ताई." सोसायटीची पोरंटोरं भोवती होती. मी हो म्हणाले.

पण खालचा सारखा कुरकुरत होता, अंग थरथरवत होता. म्हणजे तोही नरच. हंगामात भेकाचा नर समोर जे हलेल त्याला मिठी मारतो, आणि त्यात दुसरा नर सापडला की तो असा तुटक आवाज काढतो : सोड बाबा, मी तुझ्यातलाच. वरच्याच्या डोक्यात ते शिरायला वेळ लागतो. काही पुरुषांच्या... जाऊ दे.

आजोळी, पंचवटीत, पावसाळ्याच्या रात्री वाघाडी नाल्याकडून एकसारखी क्रुर्र क्रुर्र यायची. आजी बजावायची, हात लावू नका, चामखीळ येईल. आजोबा अंथरुणातूनच म्हणायचे, "भरली पाठशाळा!" ते उगीच नव्हतं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं 103 वं सूक्त बेडकांचंच आहे. वर्षभर गप्प बसून पावसात बोलू लागलेले ते बेडूक म्हणजे व्रतस्थ ब्राह्मण. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं शिष्यागत तेच घोकायचं. मामा बॅटरीचा झोत टाकायचा आणि गळ्याची पिशवी टम्म फुगवून बसलेला नर दिसायचा. सकाळी गवताला गुंडाळलेल्या दोन लांबच लांब बुळबुळीत दोऱ्या, आत काळी टिंबं. अंडी. मी काडीनं ती दोरी वर उचलायचे आणि मामाच्या शिव्या खायचे.

डबक्यात हे सगळं सोपं असतं. वाहत्या पाण्याशेजारी कोण कुणाचं ऐकणार? भर पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्यापाशी "चहा घेतोस का" हेसुद्धा हातवारे करूनच विचारावं लागतं. पनामातला एक सोनेरी भेक (लोक त्याला बेडूक म्हणतात, पण कूळ भेकाचं) असाच खळाळत्या ओढ्यांकाठी राहायचा. त्याला बाहेरून कानाचा पडदाच नाही. तरी गडी हाक मारतो, आणि वर पुढचा पाय उचलून चक्क हलवतो. त्याच्या भाऊबंदांत नर एकदा पाठीवर बसला की आठवडेच्या आठवडे उतरायचं नाव घेत नाही. मादी बिचारी त्याला घेऊन हिंडते.

त्यापेक्षा आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांवरचा बॉम्बे नाइट फ्रॉग मला बरा वाटतो. 2016 साली त्याच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हा नर मादीला कवटाळतच नाही. हात पानावर नाहीतर फांदीवर टेकतो, नुसता तिच्या पाठीवर बसतो आणि ती अंडी घालायच्या आत उतरून बाजूला होतो. शिवाय या जातीत मादीही आवाज देते, जे बेडकांत फारसं आढळत नाही. शेजारी ओढा कोसळत असताना ती नेमकं काय सुनावत असेल, याचे मी बरेच तर्क केले. सांगण्यासारखा एकही नाही.

पनामाचा तो सोनेरी भेक मात्र आता रानात कुणाला दिसत नाही. कातडीला लागणाऱ्या एका बुरशीनं ओढेच्या ओढे रिकामे केले. उरलेत ते प्राणिसंग्रहालयांतल्या काचेच्या टाक्यांत, माणसांनी जोड्या लावून दिलेले.